अंश बघायला आलेले तात्या

वामनतात्यांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या एका गैरसमजामुळे. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात थोरामोठ्यांचे लेख असणार. त्यांत एका निवृत्त नर्सबाईचं काय काम, असं कुणाला वाटलं तर त्यांनी आधी हा प्रसंग वाचावा आणि मग काय ते ठरवावं. गौरव समितीनं मला बजावलं आहे की भाषा औपचारिक ठेवा. प्रयत्न करते. पण तात्यांबद्दल औपचारिक लिहिणं मला जड जातं, हे आधीच सांगून टाकते.

मी त्या वेळी कडेगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. माझं माहेर इस्लामपूरचं, वडील बांगड्या भरायचे. नाव शमशाद, पण गावात त्या नावानं मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. लहान पोरापासून पंचायतीच्या सरपंचांपर्यंत सगळ्यांची मी सिस्टर. त्या दिवशी लसीकरण होतं. ओसरीत तान्ह्या पोरांचा आणि त्यांच्या आयांचा असा गलका होता की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. तेवढ्यात पांढरा शर्ट, पायजमा आणि पायात साध्या चपला घातलेले एक गृहस्थ दारात उभे राहिले आणि म्हणाले, “सिस्टर, अंश बघायला आलोय.”

आता आमच्याकडे हल्ली दर चौथ्या पोराचं नाव अंश असतं. अंश, अंशुल, विहान, रियांश. मी हातातली सिरिंज खाली न ठेवताच म्हटलं, “आवं आजोबा, उशीर केलासा. अंशला डोस झाला, त्याची आई आत्ताच घेऊन गेली. तुमी कोण, आईकडचे का बापाकडचे?”

त्या गृहस्थांनी थोडा विचार केला आणि शांतपणे म्हणाले, “विरोधी पक्षाकडचा.”

मागं उभा असलेला त्यांचा कार्यकर्ता विलास फस्सकन हसला, तेव्हा मला कळलं की हे आमदार आहेत. मी सिरिंज घाईनं खाली ठेवली. कारण हे कशासाठी आले असतील ते मला बरोबर ठाऊक होतं. तात्या मात्र म्हणाले की आधी पोरांचं उरकून घ्या, आमाला घाई न्हाई. आणि ते बाकावर बसले. शेजारच्या बाईनं आपल्या थोरल्या पोराला धरण्यासाठी मांडीवरचं तान्हं सरळ त्यांच्या हातात दिलं, तेही त्यांनी घेतलं. लस संपेपर्यंत ते पोर त्यांच्याच मांडीवर होतं, आणि जाताना त्यानं आमदारांचा पायजमा ओला केला.

तात्या हे त्यांच्या पक्षाचे आरोग्य खात्यावरचे प्रवक्ते आहेत, हे मी पेपरात वाचलं होतं. प्रवक्ता म्हणजे टीव्हीवर भांडणारा माणूस, एवढीच माझी समजूत. खात्यावर लक्ष ठेवणं, प्रश्न विचारणं, मिळालेलं उत्तर खरं का खोटं ते बघणं हे काम असतं, आणि ते कुणीतरी मनापासून करतं, हे मला तात्यांमुळे कळलं. विधानसभेत सदस्य लिहून विचारतात, ‘हे खरे आहे काय?’ खात्याकडून उत्तर येतं. खरे आहे, किंवा खरे नाही. पण सगळ्यांत जास्त वेळा येणारं उत्तर म्हणजे ‘हे अंशतः खरे आहे.’ बाकीचे सदस्य त्यावर बाकं वाजवायचे, ओरडायचे, सभात्याग करायचे. तात्या घरी यायचे, पिशवी घ्यायचे आणि म्हणायचे, चला, यातला अंश कुठला ते बघून येऊ. त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या एकाही सरकारी दवाखान्याचा पत्ता विचारावा लागत नसे. शिरवळच्या हायवेपासून पार खाली कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत ते असे अंश बघत हिंडायचे.

आमच्या केंद्राबद्दल प्रश्न का आला होता, ते सांगते. गावातल्या पारूबाई उसात तण काढायला भांगलत असताना त्यांना पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. भर दुपारी त्यांना बैलगाडीत घालून केंद्रात आणलं. सापावरची लस लगेच टोचायला हवी होती, आणि ती टोचायला वेळ लागला. पुढं त्यांना सांगलीला हलवलं, बाई वाचल्या, पण बरेच दिवस अंथरुणाला होत्या. गाव खवळलं. खवळणारच. मी गावात असते तर मीही खवळले असते. पेपरात आलं, तात्यांनी विधानसभेत प्रश्न लावला, आणि खात्याचं लेखी उत्तर आलं की हे अंशतः खरे आहे. केंद्रात शीतकपाट उपलब्ध आहे, लसीचा साठाही होता, मात्र संबंधित परिचारिकेकडून विलंब झाल्याचे प्रथमदर्शनी दिसत असल्याने तिला कारणे दाखवा नोटीस बजावण्यात आली आहे. ती संबंधित परिचारिका म्हणजे मी.

ओसरी रिकामी झाली. तात्यांनी विचारलं, फ्रीज कुठं हाय? मी दाखवला. त्यांनी दार उघडून आत हात घातला आणि तसाच ठेवला. म्हणाले, फ्रीज तर हाय, पण गार न्हाई. मी म्हटलं, लाईट नाही. त्यांनी विचारलं, कवा येती? मग मला सांगावं लागलं. आमचं केंद्र गावाबाहेर शेतात बांधलेलं. जवळची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, शेतीपंपांची, म्हणून केंद्राला जोडणीही तीच. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची, जशी मोटारींना येते तशी. इन्व्हर्टर होता तो दिव्यापुरता. फ्रीज मात्र खात्याच्या नोंदीत एकदम चालू.

मग त्यांनी विचारलं, “लस कुठं हुती, सिस्टर?”

तात्यांची एक सवय आहे, जी त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. ते विचारतात आणि थांबतात. आपण बाकीची माणसं प्रश्न विचारतो आणि समोरच्याचं तोंड उघडायच्या आत आपणच उत्तर देऊन मोकळी होतो. तात्या थांबतात. चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही, आणि समोरचं माणूस काही सांगणारच नाही असा संशयही नाही. त्या थांबण्यापुढं मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं की लस दूध डेअरीत होती. डेअरीला जनरेटर आहे, त्यांचा फ्रीज कधी बंद पडत नाही. म्हणून मी लस तिथं ठेवत होते. आमच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं होतं, पण ते बदलून गेले होते. ज्या दिवशी पारूबाईंना आणलं त्या दिवशी डेअरीचा संपत पाहुण्यांकडं बारशाला गेला होता, किल्ली त्याच्याच खिशात. शेवटी मी दगडानं कुलूप फोडलं आणि लस काढली. वेळ गेला तो तिथं.

नियमानं बघाल तर सरकारी लस खाजगी डेअरीत ठेवणं हा सरळ सरळ गुन्हा. मला आजही ती चूक वाटत नाही. बंद फ्रीजमध्ये ठेवली असती तर लस आंबलेल्या ताकाच्या लायकीची झाली असती, आणि मग पारूबाई आज चालत्याबोलत्या दिसल्या नसत्या. पण ही गोष्ट बाहेर आली तर नुसती नोटीस नाही, माझी नोकरीच जाणार होती. घर माझ्या पगारावर चालत होतं. आमच्या मालकांना कंबरेच्या दुखण्यानं काम होत नव्हतं, मुलगी बारावीला होती. हे सगळं मी तात्यांसमोर बोलले नाही, पण माझ्या तोंडावर ते लिहिलेलं असणार.

विलासची मात्र कळी खुलली. तो म्हणाला, तात्या, ही तर दुधात साखर. सापाची लस दुधाच्या फ्रीजमध्ये! उद्या सगळ्या चॅनेलवर हेच. तात्या त्याला फक्त एवढंच म्हणाले की गप बस. (विलासराव आता या गौरव समितीत आहेत. त्यांनी हे वाक्य छापू द्यावं, अशी माझी नम्र विनंती आहे. तसे ते मनानं मोठे आहेत.)

निघताना तात्यांनी मला जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाले, “नोटिशीला खरं उत्तर द्या, दुधाचं सुदिक लिवा. मी सभागृहात खोटं बोलणार न्हाई. पण माझा प्रश्न खात्याला हाय, तुमाला न्हाई. तुमाला मुद्दा करून मी मोठा हुणार न्हाई.”

ते गेल्यावर मी घाबरले. अगं बाई, हे काय करून बसलीस तू, असं मी स्वतःलाच म्हटलं. खात्याला जे माहीत नव्हतं ते मी विरोधी पक्षाच्या आमदाराला सांगून बसले होते. राजकारणातल्या माणसाच्या हातात अशी बातमी म्हणजे मांजराच्या हाती शिंकं. नोटिशीचं उत्तर मी खरं लिहिलं आणि टपालात टाकलं, आणि त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. घरात मी कुणाला काही बोलले नाही. मालक विचारत होते की तुला झालंय काय, तर मी म्हणायची पित्त.

प्रश्न सभागृहात चर्चेला आला तेव्हा आम्ही केंद्रातली सगळी माणसं एका मोबाइलभोवती गोळा झालो होतो. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. तात्या उपप्रश्न विचारायला उभे राहिले. ते सभागृहात आमच्यासारखं बोलत नसत, अगदी शुद्ध बोलत. म्हणाले, शीतकपाट आहे हे खरं आहे, मी स्वतः आत हात घालून पाहिलं आहे. आता ते दिवसातून किती तास चालतं, एवढं मंत्रिमहोदय सांगतील काय? सत्ताधारी बाकांवर हशा झाला. मंत्री म्हणाले माहिती घेऊन सांगतो. तात्या म्हणाले, मग मी सांगतो, आणि त्यांनी शेतीपंपाच्या लाईनीची सगळी हकीकत सांगितली. खात्यानं नोटीस बाईंना काढली, विजेच्या तारेला काढली नाही, असंही म्हणाले.

तेवढ्यात समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, मग लस होती कुठं ते सांगा. मी मोबाइल आपल्या हातात ओढून घेतला. तात्यांच्या मागं बसलेली त्यांच्याच पक्षाची मंडळी तर खुदूखुदू हसायला लागली, कारण विलासनं तोवर ती बातमी त्यांच्या कानात घातलेली होती. आता तात्या दूध बोलणार आणि दुसऱ्या दिवशी मी घरी बसणार, असंच मला वाटलं. खोटं तर ते बोलणार नव्हते. नेहमीसारखे ते थोडे थांबले आणि म्हणाले,

“जिथं वीज होती तिथं, अध्यक्षमहाराज.”

आणि खाली बसले. सभागृह हसलं, मंत्रीही हसले, आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. खोटा एक शब्द नाही, आणि माझं नावही नाही. मी मोबाइल दुसरीच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन पोटभर रडले.

पुढं खात्यानं सगळ्या जिल्ह्यांतून माहिती मागवली. शेतीच्या लाईनीवर लटकलेली आमच्यासारखी आणखीही केंद्रं निघाली. आम्हाला गावातल्या घरांची, गावठाणची लाईन मिळाली. खांब रोवायला आलेल्या वायरमनला मी स्वतः पोहे करून खायला घातले. माझ्या नोटिशीचं उत्तर वाचून जिल्ह्याच्या साहेबांनी मला बोलावलं. आता निलंबनाची ऑर्डर हातात पडणार म्हणून मी दुवा म्हणत म्हणत गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं की कुलूप तुम्हीच फोडलं का. मी हो म्हटलं. त्यांनी नोटीस दप्तरी दाखल केली, म्हणजे प्रकरण तिथंच मिटवलं. ते साहेबही भले होते, हे इथं नोंदवलं पाहिजे. तात्यांची शिकवण आहे की खात्याचं चुकलं तर जसं बोलायचं, तसं बरोबर केलं तर तेही बोलायचं.

आणि ते त्यांनी केलंही. पुढच्या अधिवेशनात तात्या उभे राहिले आणि त्यांनी खात्याचे आभार मानले. आमच्या भागातल्या कनिष्ठ अभियंत्याचं नाव घेऊन सांगितलं की या माणसानं भर उन्हात उभं राहून लाईन ओढून दिली. झालं. त्यांच्या पक्षातली मोठी माणसं चिडली. विरोधकानं आभार मानायचे असतात व्हय, असं म्हणे त्यांना तोंडावर ऐकवलं गेलं. हातात आलेली दुधाची बातमी सोडली, वर सरकारचं कौतुक केलं. पुढच्या निवडणुकीत तात्यांना तिकीट मिळालं नाही. ते कशानं मिळालं नाही, याची मला नक्की माहिती नाही. राजकारणाचं मला कळत नाही. पण आमच्या केंद्रातल्या सगळ्या माणसांना त्या दिवशी घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

तात्या कडक नाहीत असं मात्र कुणी समजू नये. माझी मुलगी नर्सिंगला जायची म्हणाली तेव्हा मी त्यांच्याकडे एक चिठ्ठी मागितली. एवढे उपकार केलेत, आणखी एक. त्यांनी चक्क नाही म्हटलं. म्हणाले, ज्या खात्याकडं आपण मागितलं त्या खात्याला मग इचारता येत न्हाई, सिस्टर. मला इतका राग आला की मी कितीतरी दिवस त्यांचा फोन उचलला नाही. पोरीनं आपल्या मार्कांवर प्रवेश मिळवला. मग तात्या आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, साताऱ्याचे पेढे घेऊन दारात हजर. माझा फुगलेला चेहरा बघून काकी म्हणाल्या, आवं, मलासुदिक यांनी कधी कुणाची चिठ्ठी दिली न्हाई, माझं गुडघ्याचं ऑपरेशन रांगेत उभं राहून झालं. मग मला हसू आलं. चहा टाकला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तात्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला की तुमच्या हॉस्टेलात पिण्याचं पाणी कसं येतं.

आमदारकी गेल्यावरही ते येत राहिले. कडेगाववरून कुठंही जायचं असलं तरी गाडी आमच्या केंद्राकडे वळायची. बाळंतपणाच्या खोलीत गरम पाणी आहे का, रिकाम्या जागा भरल्या का, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला झोप मिळते का. आमच्यापैकी काहींना त्याचा वैताग यायचा, मलाही कधीकधी यायचा. हातातलं काम टाकून उत्तरं देत बसायची. आता वाटतं, तो वैताग परत यावा. आता केंद्राची नवी इमारत झाली आहे, फरशी चकचकीत आहे, दारात उद्घाटनाचे फलक आहेत. पाहुणे येतात, फोटो काढतात, जातात. आत हात घालून कुणी बघत नाही. मला तात्यांची आठवण येते. फार येते. निवृत्त झाल्यावर तर जास्तच, कारण दिवस मोठे झालेत.

मध्यंतरी त्यांचा पक्ष सरकारात सामील झाला. तात्यांना कुठल्याशा महामंडळाचं अध्यक्षपद देऊ केलं, गाडी आणि लाल दिवा वगैरे जे काय असेल ते. त्यांनी नको म्हटलं. मी फोनवर विचारलं की का हो तात्या, घ्यायचं की. ते म्हणाले, “मला इचारायला येतं, सिस्टर. उत्तरं द्यायला येत न्हाई.” मी हसले, पण फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं. विरोधकांचा बाकच उठून पलीकडं गेला, आता हा माणूस बसणार कुठं?

हळूहळू त्यांचे फोन यायचे बंद झाले. मी केला तर काकी उचलायच्या आणि सांगायच्या की बरे आहेत. या लेखासाठी म्हणून मी मागच्या महिन्यात साताऱ्याला त्यांच्याकडे गेले. तात्या खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. मला बघून तोंडभर हसले, हात जोडले, बसा म्हणाले. आणि एक प्रश्न विचारला नाही. माझी पिशवी खाली ठेवायच्या आत ज्यांचे दोन-तीन प्रश्न व्हायचे, ते तात्या नुसते हसत बसले. मी गावाकडचं बोलत होते, ते मान हलवत होते, आणि माझ्या ध्यानात आलं की मान भलत्याच ठिकाणी हलते आहे. काकींनी हातानंच कानाकडे खूण केली. ऐकायचं मशीन आणलं आहे, पण त्याची शिट्टी वाजते म्हणून ते कपाटात पडून असतं.

मी सवयीनं नर्स झाले. कान दाखवला का, कुणाला दाखवला, मशीन नीट बसवून घेतलं का, असं काकींना विचारायला लागले. माझा हात कानाकडे गेलेला बघून तात्या बोलले. “असू दे, सिस्टर. उत्तर ऐकू येत न्हाई तर इचारायचं कशाला? ऐकायचं नसताना इचारणारी माणसं मी लय बघितली. त्यांत माझी भर नगं.”

मला भडभडून आलं. साठ वर्षांच्या बाईनं परक्या घरात असं रडू नये, पण ते घर मला परकं नाही. ज्या माणसाच्या थांबून ऐकण्यानं माझी नोकरी वाचली, माझी पोर नर्स झाली, त्या माणसानं प्रश्नच टाकून द्यावा हे मला सोसवेना. मी खुर्ची ओढली, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, “तात्या, इचारा!”

काकी दचकल्या. तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या जागी आलेली पोरगी टिकली का?”

मी ओरडून सांगितलं की नाही टिकली, बदली करून घेऊन गेली, जागा रिकामी आहे. ते थांबले. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि त्या आठीसाठी मी कडेगावहून चालत आले असते. त्यांनी विचारलं, “कवापासनं?”

तो उपप्रश्न होता. बऱ्याच दिवसांनी ऐकला. मी उत्तर दिलं, मग त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी ओरडले. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन उभी राहिली, समोरच्या गॅलरीतले गृहस्थ वाकून बघायला लागले. काकी त्यांना हातानं सांगत होत्या की काही झालं नाही, तुम्ही जावा. घसा बसला तेव्हाच मी उठले. निघताना कपाटातलं मशीन काढून घेतलं आणि ते दुरुस्त करून आणायचं कबूल केलं. पण तात्यांना मी सांगून ठेवलं आहे की मशीन चालो न चालो, प्रश्न बंद करायचा नाही.

तात्या, या ग्रंथात तुम्हाला शंभरी लाभो असं सगळेच लिहितील. ती लाभोच, काकींच्या संगतीनं आणि धडधाकट तब्येतीनं लाभो, अशी माझीही अल्लाकडे दुवा आहे. पण माझं मागणं जरा स्वार्थी आहे. जितकी वर्षं मिळतील तितकी तुम्ही विचारण्यात घालवा. उत्तर ऐकू येईपर्यंत मी ओरडून सांगेन. गल्लीतल्या लोकांनी ऐकलं तर ऐकू दे. आमच्या केंद्रात नर्स नाही, हे त्यांनाही कळायला हवंच.